गिऱ्ह्याला प्रश्न विचारणारी मैनी

बोरी बुद्रुकच्या साक्षीला गोष्टी लिहायचा नाद लागला तो रोपवाटिकेत. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली तरी नोकरी मिळेना, म्हणून ती पिंपरी पेंढारजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला जाऊ लागली. शेडनेटखाली दहा-बारा बायका ओळीनं बसून ट्रे भरायच्या आणि एकेका खळग्यात टोमॅटोचं एकेक बी टाकायच्या. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. त्यात सत्तरीच्या प्रयागबाई डोहातल्या गिऱ्ह्याची गोष्ट अशी सांगायच्या, जणू कालच त्याच्याशी त्यांचं भांडण झालंय.

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, पाणी गुडघाभरच आहे म्हणतो आणि खोलात नेतो. पण त्याचा एक केस जरी कुणाच्या हाती लागला, तर तो त्याचा चाकर होऊन राहतो.

साक्षी जेवणाच्या सुट्टीत हे सगळं मोबाईलवर टिपून ठेवायची. त्यातूनच तिला मैनी सुचली. तेरा वर्षांची, हट्टी, गिऱ्ह्याचा केस वेणीत गुंफून हिंडणारी. दर रविवारी ती एका वाचनाच्या अ‍ॅपवर एक भाग टाकू लागली. कुठल्या कुठल्या गावांतली शाळकरी पोरं वाचायची आणि पुढचा भाग कधी म्हणून विचारायची. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो शेजारच्या आरोहीमुळं. आरोही सातवीत. शाळेला कुकडी नदीकडच्या पायवाटेनं जायची. नववा भाग वाचल्यापासून तिनं ती वाट सोडली. त्या भागात केस परत मिळवायला गिऱ्हा डोहातून मैनीला तिच्या आईच्या आवाजात हाक मारतो आणि ती जिवाच्या आकांतानं पळत सुटते. आता आरोही डांबरी रस्त्यानं लांबून जायची, शाळेत उशिरा पोचायची, आणि आईनं कपडे धुवायला नदीवर चल म्हटलं तरी रडायची. तिची आई भांडायला आली नव्हती. साक्षीनं पोरीला जरा समजावून सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण ते साक्षीच्या वडिलांनी, तुळशीदासांनी ऐकलं. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त. कमी बोलायचे. जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माझ्या बापानं धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातले देव कुकडीत सोडले," ते म्हणाले. "मी तुमाला कधी भूतखेत सांगितलं न्हाई. अन् तू त्याच नदीतनं हे काढून पोरांच्या डोक्यात घालती व्हय?"

ही नुसती गोष्ट आहे, असं साक्षीच्या ओठांवर आलं होतं. पण आरोहीचा चेहरा आठवला आणि ती ताटं उचलायला उठली. पुढचे तीन रविवार तिनं काहीच टाकलं नाही. आजारी आहेस का ताई, म्हणून निरोप येत राहिले. रोपवाटिकेतही ती प्रयागबाईंपासून लांब बसू लागली.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी वडिलांनी मोटरसायकल पुसता पुसता आपणहून विषय काढला. त्यांनी माळशेज घाटातला एक प्रसंग सांगितला. पावसाळ्याचे दिवस, भर दुपारी इतकं धुकं की काचेपुढचं दिसेना. गाडी फिरून फिरून एकाच दगडापाशी येतेय असं वाटू लागलं. चकवा लागलाय, उतरू नका, म्हणून प्रवासी विनवू लागले. तुळशीदास टॉर्च घेऊन उतरले. रस्त्याचं काम चाललं होतं, आणि गाडी कामासाठी केलेल्या, फिरून तिथंच येणाऱ्या कच्च्या वाटेला लागली होती.

"मंग चकवा नव्हताच," साक्षी म्हणाली.

"खाली उतरस्तोवर व्हता. लई भ्यालो व्हतो मी." त्यांनी फडकं पिळलं. "तुझी गोष्ट वाचली मी. सगळी. ती मैनी नुसती पळती. तिला एकदा खाली उतरू दे."

साक्षीनं त्याच दिवशी नववा भाग पुन्हा लिहायला घेतला. हाक येते, मैनी पळायला वळते, पण मग काठावरच्या दगडावर बसते आणि विचारते, हा तर माझ्या आईचा आवाज, तुझा स्वतःचा कुठंय? शंभर वर्षांत गिऱ्ह्याला हे कुणी विचारलेलंच नसतं, आणि स्वतःचा आवाज त्यालाही आता आठवत नसतो. मैनी वेणीतला केस सोडवून त्याला परत देते आणि दोघं त्याचा हरवलेला आवाज शोधायला निघतात.

हा भाग तिनं आधी आरोहीला दिला. दोघी रविवारी सकाळी नदीकाठी जाऊन बसल्या. डोह खरंच खोल आहे, त्यात उतरायचं नाही, हेही साक्षीनं तिला नीट सांगितलं. आरोहीनं दोनदा वाचलं.

"मग सापडतो का त्याला आवाज?"

"अजून लिहिलं नाही."

"लवकर लिही ना, ताई."

दुसऱ्या दिवशी आरोही साक्षीचा हात धरून पायवाटेनं शाळेला गेली. त्या आठवड्यातच ती एकटी जाऊ लागली.

मैनीचे भाग पुन्हा अ‍ॅपवर येऊ लागले, आणि गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकानं त्यांचं पुस्तक काढलं. रोपवाटिकेत बायकांनी ते साक्षीकडून मोठ्यानं वाचून घेतलं. आमच्या येळचा गिऱ्हा एवढा गुणाचा न्हवता, अशी प्रयागबाईंनी तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकायला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. वडिलांनी चार दिवसांत पुस्तक संपवलं आणि दुसरं कधी, एवढंच विचारलं.

जानेवारीत आंबेगावच्या पश्चिम भागातून, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या बाई सांगत होत्या, आमच्या मुलांकडं गिऱ्ह्यासारखी त्यांच्या डोंगरातली वेगळीच मंडळी आहेत, त्यांनी चित्रंही काढलीत, तुम्ही ऐकायला या.

तुळशीदासांनी गाडी काढली. घोडेगाव मागं टाकून दोघं चढाला लागले, तेव्हा साक्षीच्या पिशवीत एक कोरी वही होती. शाळेच्या ओट्यावर वीसेक मुलं चित्रांचे कागद छातीशी धरून उभी होती, आणि आधी कुणी सांगायचं यावरून त्यांच्यात जोरात वाद चालला होता.