इस्त्री थांबली ते पान

आमच्या नात्यागोत्यात मामीला सगळे 'खोडरबर' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, कारण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. नाव पडलं ते माझ्यामुळे. कॉलेजात असताना मी एक कथा लिहिली आणि मोठ्या तोऱ्यात तिच्याकडे नेली. तिने ती भाजी निवडता निवडता वाचली, पहिली दोन पानं काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "इथे तू नुसता घसा खाकरलास. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते." पुढे बरेच दिवस मी तिच्या घराकडे फिरकलो नाही. मग एकदा गुपचूप तिसऱ्या पानापासून वाचून पाहिलं. तिचं खरं होतं, आणि ते मला अजूनही आवडलेलं नाही.

मामाचं इस्त्रीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी, पाणी शिंपडायची बाटली आणि कोपऱ्यात गाठोडी. गाठोड्यांना चिठ्ठ्या लावायचं काम मामीचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मामी स्टुलावर बसून आपलं लिखाण मामाला वाचून दाखवायची. मासिकांतून तिच्या कथा कितीतरी वर्षं छापून येत होत्या. त्यातली एकही या टेबलाला वळसा घालून गेलेली नाही.

वाचून झाल्यावर 'कसं वाटलं' असं ती कधीच विचारायची नाही. विचारलं की माणूस 'छान' म्हणतो, आणि त्या 'छान'चं काय लोणचं घालायचं, असा तिचा सवाल असे. ती इस्त्रीकडे बघायची. इस्त्री चालत राहिली तर मजकूर बेताचा. हात थांबला की मामी समासात पेन्सिलीने एक टिंब द्यायची. पुढच्या खर्ड्यात टिंबाची पानं राहायची आणि बाकीच्यांवर कात्री फिरायची.

तिचं लिखाण मी संगणकावर उतरवून देत असे, त्यामुळे तिचे बाकीचे कायदेही मला न मागता मिळाले. लिहिलं की लगेच वाचू नकोस. कपड्याला थोडी ओल असताना इस्त्री चांगली बसते, पण गोष्ट पार वाळू द्यावी लागते. दोन विशेषणं शेजारी दिसली की एकाला घरी पाठव. पात्राला काहीतरी हवं असलंच पाहिजे, मग तो कपभर चहा का असेना. आणि पात्राला उठसूट रडवू नकोस, ते रडलं की वाचक मोकळा होतो. कापलेली पानं मात्र ती फेकायची नाही. शर्टाच्या रिकाम्या खोक्यात घालून कपाटावर ठेवायची.

साठी उलटल्यावर तिने कादंबरी लिहिली. गोष्ट साधी होती. एका दुकानदाराची एकुलती एक मुलगी दूर देशी नोकरीला जाते आणि मागे दोघं उरतात. मामा-मामीची लेकही अशीच दूर गेलेली, तेव्हा हे कुठून आलं ते विचारायला नको. मामीचं एकही पुस्तक तोवर निघालं नव्हतं. कथा मासिकात येते आणि महिन्याने रद्दीत जाते, एक तरी पुस्तक कोणाच्या फळीवर उभं राहावं, एवढीच तिची इच्छा होती. ती बोलून दाखवताना ती माझ्याकडे बघत नव्हती, यावरूनच मला कळलं की ही इच्छा किती मोठी आहे.

प्रकाशकाकडच्या संपादकबाईंचा फोन आला. कादंबरी त्यांना हवी होती, पण अशी नाही. वर्णनं सुरेख आहेत आणि तीच फार आहेत, असं त्या म्हणाल्या. पान पान आभाळ आहे, पण मुलगी निघते तेव्हा बाप कुठे असतो? पुन्हा एकदा हात फिरवून पाठवा, तरीही जमलं नाही तर मात्र राहू द्यावं लागेल. मामीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, की बाईंचं काहीतरी चुकतंय. त्या आभाळाच्या प्रत्येक पानावर टिंब होतं. बाप मुलीला पोचवायला जातो ते प्रकरण तिने लिहिलं होतं, पण तिथे इस्त्री एकदाही थांबली नव्हती, म्हणून ते खोक्यात गेलं होतं.

पुन्हा वाचन सुरू झालं. त्या दिवशी मीही तिथेच बसलो होतो. मामीचा घसा बसला होता, तरी ती हटून वाचत होती. कागद नेहमीसारखा तोंडासमोर धरलेला. आवाज बारीक होत होत पार गेला. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मला काही ऐकू येईना. ती नुसती डोळ्यांनी वाचत पुढे गेली, आणि आवडती जागा आली तशा कागदावरून तिच्या भुवया वर गेल्या.

मामाची इस्त्री थांबली. "वा," मामा म्हणाला.

मला हसू फुटणार होतं. मामीचा चेहरा पाहून ते घशातच राहिलं. तिने कागद खाली केला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, की मी आत्ता काय वाचलं? मामाने बाटली उचलली आणि एका कोरड्या शर्टावर उगाचच पाणी शिंपडलं. मग भिजलेल्या शर्टावरही शिंपडलं. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून त्याचं निभत होतं. कागदाआड ओठ दिसत नव्हते, म्हणून त्याने भुवया धरल्या होत्या.

"कधीपासून?" मामीने विचारलं.

"कादंबरी सुरू झाली त्याच्या आधीपासून," मामा म्हणाला. "ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर तू वाचायचं थांबवलं असतंस. मग दुपारी मी काय केलं असतं?"

"म्हणजे अख्खी कादंबरी मी माझ्याच भुवयांनी तपासली," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. राग बहिरेपणाचा नव्हता. तिला जे जे लिहिताना आवडलं होतं ते राहिलं होतं आणि जे लिहिताना जड गेलं ते कापलं गेलं होतं, आणि सगळं स्वतःच्या हाताने. दुसऱ्यांच्या पानांवर कात्री चालवणाऱ्या बाईला हे फार लागलं. मला तिची कीव आली, आणि तिची कीव करायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काही दिवस दुपारचं वाचन बंद राहिलं. मग एका दुपारी मामीने स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं काढलं, पोचवायला जाण्याचं प्रकरण शोधलं आणि मामाच्या टेबलावर बाटलीला टेकवून उभं केलं. मामा वाचनातला माणूस नाही, पेपरसुद्धा तो ओळीखाली बोट धरून वाचतो. आता एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली, असं त्याचं चाललं. मामी मला घेऊन आत जाऊन बसली. तिला बघायचंच नव्हतं.

त्या प्रकरणात फार काही घडत नाही. बाप बॅग उचलून मुलीबरोबर जातो. त्याला काहीतरी म्हणायचं असतं. तो विचारतो, बॅगची चेन नीट लागतेय ना? मुलगी हो म्हणते. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच विचारतो. गाडी हलताना खिडकीशी जाऊन तिसऱ्यांदा विचारतो, आणि ती तिसऱ्यांदाही हो म्हणते.

आतल्या खोलीत आम्हाला आधी वास आला. मामी धावत बाहेर गेली, तिच्यामागे मी. टेबलावरून धूर निघत होता. मामा तसाच उभा होता, इस्त्री शर्टावर आणि बोट ओळीवर. मामीने प्लग ओढून काढला. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा पुरता तपकिरी ठसा उमटला होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कोणतं पान?" तिने विचारलं.

मामाने कागद उचलून दाखवला. बोट तिसऱ्या चेनवर होतं. "मी दोनदाच विचारलं होतं," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं."

मामीने केसातली पेन्सिल काढून समासात टिंब दिलं. शर्ट माझा होता. त्याबद्दल आजतागायत मला कोणी काही विचारलेलं नाही.

आभाळ बरंचसं गेलं, बाप आला आणि पुस्तक निघालं. मामाने कानाचं यंत्र घेतलं, पण गिऱ्हाईक भांडायला लागलं की तो ते काढून खिशात ठेवतो. दुपारी मामी अजूनही त्याला वाचून दाखवते. हल्ली तो यंत्र तेव्हाही लावत नाही, म्हणून ती कागद खाली, मांडीवर धरते आणि प्रत्येक वाक्य त्याच्याकडे बघून म्हणते.