बिनहुकमाची दवंडी

तरोडखेडच्या एसटी थांब्यावर कडुनिंबाच्या बुंध्याला एक फळा टेकवलेला असायचा. शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा तो भंगारात निघाला होता. एका कोपऱ्याचा टवका उडालेला, मधोमध चीर. सपनानं तो हेडमास्तरांकडून मागून आणला, काळा रंग मारला आणि रोज सकाळी त्यावर खडूनं गावाच्या खबरा लिहायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी पगारही देत नव्हतं. गावात असं काही केलं की लोक आधी विचारतात, यात हिचा फायदा काय? फायदा एवढाच होता की लोक वाचायचे.

फळ्यावर काय नसायचं! शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, शिलाई मशीनच्या योजनेला लागणारे कागद, कामरगावला डोळे तपासायला डॉक्टर येणार तो दिवस. निताच्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागला, रूपलाची म्हैस सापडली, हेही असायचं. आणि सगळ्यात खाली रविवारचा कार्यक्रम. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत आई-लेकरांची लिंबू-चमच्याची शर्यत व्हायची, सासवांनाही मुभा होती. पहिल्याच रविवारी दोन सासवा लिंबावरून अशा भांडल्या की पुढच्या वेळी बघायला दुप्पट गर्दी झाली.

सपना अनसिंगची लेक. तिचे वडील सायकलवरून पेपर टाकायचे आणि गठ्ठा सुटला की ही उभ्या उभ्या सगळे पेपर वाचून काढायची. पत्रकार व्हायचं, आपलं नाव छापून आणायचं, असं तिच्या मनात पक्कं होतं. पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि ती तरोडखेडला आली. नवरा अश्वजित पुण्याला कंपनीत, दिवाळीला आणि चौदा एप्रिलला घरी. पोरगी साक्षी पाचवीत. नाव काही छापून आलं नाही. तेव्हा तिनं ठरवलं, पेपर आपल्याला घेत नाही तर आपणच पेपर काढू, एका पानाचा आणि रोज पुसायचा.

अख्खं गाव तो फळा वाचायचं, एक माणूस सोडून. तो तिच्याच घरात होता. सासरे जानराव थांब्यावर चहा प्यायला यायचे, पण फळ्याकडे पाठ करून बसायचे.

त्याला कारण होतं. जानरावांचे वडील गोमाजी यांच्याकडे गावाचं महारकीचं काम होतं आणि त्यात दवंडी होती. गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली फिरायचं, मान खाली ठेवून ओरडायचं आणि शेवटी म्हणायचं, 'पाटलाचा हुकूम हाय हो.' छप्पन साली गोमाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आले. आठ दिवसांनी वाड्यावरून निरोप आला, दवंडी दे. गोमाजींनी अंगणात बसून डफड्याचं चामडं कापून काढलं. लाकडी कडं तेवढं ठेवलं, त्याला जाळी ठोकली आणि ज्वारीची चाळणी केली. जानराव तेव्हा आठ वर्षांचे होते, शेजारी बसून बघत होते. ती चाळणी अजून घरात आहे. सपना तिच्यातच ज्वारी चाळते.

त्यामुळे सुनेनं फळा लावला तेव्हा म्हातारा चिडला. आपण जे फेकून दिलं ते तू उचलून आणलं, असं त्यांचं म्हणणं. सपनाही काही कमी नव्हती. तिनं विचारलं, "मामाजी, तुमी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. धनज आलं, कारंजा आलं, असं ओरडत होते. ते काय होतं मंग?" जानराव म्हणाले की ती नोकरी होती, आणि त्या दिवसापासून फळ्याचा विषय घरात बंद झाला.

एवढं सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

त्या वर्षी जिल्ह्यातून गावासाठी एका कामाला निधी मिळणार होता. काम कोणतं ते ग्रामसभेनं ठरवायचं आणि ठराव महिनाअखेर पाठवायचा. सपनाला तहसिलात गेली असताना ही खबर लागली आणि तिच्या डोळ्यासमोर खोली उभी राहिली. वस्ती आणि बंजाऱ्यांचा तांडा यांच्या मधल्या पडीक जागेत एक पक्की खोली. लेकरांना अभ्यासाला, पावसाळ्यात खेळायला, बायांना बसायला. तांड्यावरची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात, मागे राहिलेली लेकरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडतात. त्यांना संध्याकाळी बसवायला जागा नाही. साक्षीसकट पंचवीस-तीस पोरं विहाराच्या पायरीवर दाटीवाटीनं बसून गणितं करायची. तांड्यावरची रुपाबाई आणि सपना यांनी घरोघरी फिरून या खोलीसाठी सह्या घेतल्या होत्या.

सरपंच म्हणून एक बाई होत्या, कारभार त्यांचे यजमान, जुन्या पाटलाच्या घरातले देवानंदभाऊ पाहायचे. देवानंदभाऊंना स्वागत कमान हवी होती. पाहुणा आला तर त्याला बसवायला गावात ओटा नाही, पण वेशीवर कमान हवी! वर नावं कोणाची लागणार ते सांगायची गरज नाही.

कमान मंजूर करून घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तीच सभा पुन्हा भरली की मग संख्येची अट नाही. कायदा करणाऱ्याच्या मनात चांगलंच असेल. तरोडखेडला त्याचा अर्थ असा निघाला की सभेची खबर कुणाला लागूच द्यायची नाही. दहा टाळकी जमवायची, सभा तहकूब करायची, चहा प्यायचा आणि त्याच दहा टाळक्यांत ठराव पास करायचा. वर्षानुवर्षं गाव असं चहाच्या कपात चालत आलं होतं.

सपना शिलाई मशीनच्या योजनेची तारीख विचारायला ग्रामपंचायतीत गेली होती. ग्रामसेवक फोनवर होता. त्यानं हातानंच रजिस्टरकडे बोट दाखवलं, बघून घ्या. सपनानं पान उघडलं आणि तिथंच थबकली. विशेष ग्रामसभा परवा होती. सकाळी दहाला, तीही कामरगावच्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे गाव रिकामं असताना. नोटीस कुठंच लागलेली नव्हती. त्याखाली निळ्या शाईत एक ओळ लिहिलेली होती. 'सरपंचांच्या आदेशानुसार आदल्या दिवशी जानराव गोमाजी यांनी दवंडी दिली.'

आदला दिवस अजून उगवायचा होता.

तिनं मागची पानं उलटली. प्रत्येक सभेला तीच ओळ, तेच नाव. ग्रामसेवक बदलत गेले, अक्षर बदलत गेलं, ओळ बदलली नाही. कधीकाळी कुणीतरी जुन्या माहितीवर नाव ठोकून दिलं आणि पुढच्या प्रत्येकानं मागचं पाहून उतरवलं. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि बाहेर पडली. सासऱ्यांना मात्र दाखवला नाही. म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागेल, असं तिला वाटलं.

फळ्यावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, परवा ग्रामसभा, खोलीचा ठराव, शंभर माणसं हवीत. दुपारी कुणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकला. तिनं पुन्हा लिहिलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर देवानंदभाऊ अ‍ॅडमिन, त्यांनी मिनिटात उडवलं. तांड्यावर तर निम्म्या फोनांत रिचार्जच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो कडुनिंबाखाली फळाच नाही.

फळा ग्रामपंचायतीत भिंतीकडे तोंड करून उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. देवानंदभाऊ खुर्चीत बसले होते. रागावले नाहीत, उलट गोडीत आले. थांब्याची जागा ग्रामपंचायतीची आहे, परवानगी लागते, असं समजावून झाल्यावर म्हणाले, "फळा कायले पायजे तुले? दवंडी तं तुमच्याच घरची हाय, पिढ्यानपिढ्या. मानधन चालू करून देतो. आमी सांगू ते लिवत जाय."

सपनानं आवाज चढू दिला नाही.

"दवंडी आमच्या घरची नव्हती, भाऊ," ती म्हणाली. "हुकूम तुमच्या घरचा होता. आमच्या घरानं तो फक्त वाहला, अन् मंग फेकून देल्ला."

फळा न घेताच ती घरी आली. आल्या आल्या चुलीपुढं बसली आणि रडली. सभा उद्या, वेळ उरली नव्हती, आणि एकटी बाई घरोघर किती फिरणार? जानरावांनी विचारलं काय झालं. आता लपवून काय होणार होतं? तिनं फोटो उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, देवानंदभाऊंच्या बोलण्यासकट.

जानरावांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, बोटानं अक्षरं मोठी करून पुन्हा वाचलं.

"हे कोनं लिवलं?"

"साऱ्यायनंच, मामाजी. एकाचं पाहून दुसऱ्यानं. लई जुनं हाय."

"म्हंजे मी जन्मभर दवंडी देऊन राह्यलो," जानराव म्हणाले, "अन् मलेच मालूम नाई."

भिंतीला टांगलेल्या चाळणीकडे बघत बसले. सपनाला वाटलं, आपण दाखवायला नको होतं. ऊन कलल्यावर ते उठले, हातपाय धुतले आणि चौदा एप्रिलला घालतात तो पांढरा सदरा मागितला. कुठं निघाले ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं न विचारता एक थाळी आणि लाकडी चमचा पुढं केला. जानरावांनी थाळी परत ठेवली. "हातात काई नाई," ते म्हणाले. "हातात काई घेतलं का लोकायले हुकूम वाटते."

दिवेलागणीला म्हातारा एकटा गल्लीत उतरला. सपना दहा पावलं मागं चालत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा, पण एसटीच्या इंजिनावर तीस वर्षं मात केलेला. पहिल्या चौकात ते उभे राहिले, मान वर केली.

"ऐका! उद्या दहा वाजता ग्रामसभा हाय. लेकरायच्या खोलीचा ठराव हाय. शंभर मानसं पायजे. मी जानराव गोमाजी सांगून राह्यलो. हुकूम कोनाचाई नाई."

माणसं दारात आली. जुन्या माणसांना एकदम गोमाजींची दवंडी आठवली आणि ती उभी राहिली. प्रत्येक गल्लीत तेच शब्द, तीच ताठ मान. तांड्यावर रुपाबाईनं हसत विचारलं, कंडक्टरसाहेब, सीट राखून ठेवता का? ऊसतोडीचा ट्रक सकाळीच येणार होता. ती म्हणाली, मुकादमाला दुपारपर्यंत थांबवायचं माझ्याकडे लागलं, त्याला आमच्याशिवाय ऊस तोडायचा असेल तर खुशाल तोडू दे.

शेवटी जानराव देवानंदभाऊंच्या दारासमोर थांबले. याच दारासमोर गोमाजी अंगणाबाहेर उभे राहायचे. देवानंदभाऊ ओट्यावर होते. जानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं पुन्हा एकदा म्हटलं, जरा सावकाश, एक शब्द न गाळता. देवानंदभाऊंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी त्यांची म्हातारी आई आतून बाहेर आली आणि कानाला हात लावून विचारती झाली, किती वाजता म्हटलं? जानरावांनी सांगितलं, दहा वाजता.

सकाळी ग्रामपंचायतीपुढं मांडव नव्हता, सतरंजीही नव्हती. लोक आले ते जमिनीवर बसले. बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाया आल्या, तुरीत फवारणी करता करता पंप पाठीवर घेऊन दोघं आले. तांड्याचा ट्रक रस्त्यावर उभा राहिला आणि त्यातली माणसं सामान तसंच टाकून सभेत आली. ग्रामसेवकानं दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा रुपाबाईनं त्याला विचारलं, काहून, कमी भरून राह्यले का? शंभराच्या वर बरीच होती. तहकुबीचा चहा त्या दिवशी तसाच निवून गेला.

खोलीच्या ठरावाला हात वर झाले, कमानीला मोजके. देवानंदभाऊंनी निधी कमी पडेल, जागेचा वाद निघेल असं बरंच सांगितलं. सपनानं सह्यांचा कागद पुढं ठेवला आणि जागेचा उतारा त्यावर. खोली काही त्या दिवशी उभी राहिली नाही. सरकारी फाइल आहे, तिचे पाय तिच्या मर्जीनं चालतात. पण ठराव गेला, तारखेच्या आत गेला, आणि फळाही सपनानं त्याच सभेत मागून घेतला, सगळ्यांसमोर.

लोक उठायला लागले तेव्हा जानराव ग्रामसेवकाच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, रजिस्टर दाखव. ग्रामसेवकाचा चेहरा उतरला. त्यानं पान उघडलं. निळ्या शाईतली ओळ जागेवरच होती, सरपंचांच्या आदेशानुसार, जानराव गोमाजी यांनी, दवंडी दिली. सगळं खोडून टाकतो काका, असं तो घाईघाईनं म्हणायला लागला. सपनालाही तेच हवं होतं, त्या रजिस्टरात सासऱ्यांचं नाव पुन्हा दिसायला नको.

जानरावांनी त्याचा हात धरला. मग पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"एवढंच खोड," ते म्हणाले. "बाकी आता खरं हाय."

ग्रामसेवकानं 'सरपंचांच्या आदेशानुसार' यावर रेघ मारली. जानरावांनी त्याच्याच हातातला पेन घेतला आणि त्या ओळीखाली सही केली, बापाच्या नावासकट.