उंदरांच्या खोलीतली माया

मी गेले होते क्रूरतेचे पुरावे गोळा करायला. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. देवपुरातल्या एका कॉलेजात उंदरांवर प्रयोग चालतात असं कळलं होतं. आमच्या प्राणिमित्र गटाच्या पत्रकाचा मथळाही मी आधीच ठरवून टाकला होता: 'मुक्यांचे मारेकरी'.

प्राध्यापकांनी दारातच चपला काढायला लावल्या. "हळू बोला, ताई. ही जात जन्मतःच चंचल. मुलांमधल्या असल्याच चंचलपणाचा अभ्यास यांच्यावर करतोय."

दिवा लागल्यावर दांडी दाबली की दाणा, असा नियम. समोरच्या पिंजऱ्यातला पठ्ठ्या दिव्याची वाटच बघत नव्हता. प्राध्यापक मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"मारत नाही?"

"छे! घाबरला की प्रयोग बिघडतो. आणि त्याचा काय दोष? मेंदूच तसा."

पत्रक तिथंच मेलं. मला त्या उंदरात धाकटी बहीण दिसत होती. चौथीत होती. बाकावर टिकायची नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायची. तळहातावर कायम पट्टीचे वळ. आता शाळा तिला काढून टाकणार होती, आणि त्यासाठी मायला संचालकांपुढे बोलावलं होतं.

मी सोबत गेले. पाहते तर संचालकांत तेच प्राध्यापक! मला हायसं वाटलं. मूर्खासारखं.

हेडमास्तर म्हणाले, "पोरगी सगळा वर्ग नासवते."

"सर," मी प्राध्यापकांना म्हटलं, "मला सांगितलंत तेच यांना सांगा. मेंदूचं."

त्यांनी चष्मा पुसला. "ते संशोधन आहे, ताई. हा शिस्तीचा प्रश्न आहे. उंदरांवरून मुलांबद्दल अनुमान काढायचं नसतं."

"मग उंदीर पाळता कशाला?"

हेडमास्तर हसले. "आमची शाळा म्हणजे काय पिंजरा आहे?"

मायला कुणी बस म्हटलं नव्हतं. ती उभ्या उभ्याच आमच्या अहिराणीत बोलली, "मंग मनी पोरले त्या पिंजराना खोलीमा बसाडा, भाऊ. तठे कोणी मारत नही म्हने."

पोरीला उंदरांच्या खोलीत बसवा, हे ऐकून सगळे खो खो हसले. प्राध्यापकसुद्धा. हसत हसतच त्यांनी तिला काढून टाकायच्या ठरावाखाली सही केली.

बहीण व्हरांड्यात होती. आम्ही उंबरा ओलांडायच्या आत धावत आली. "ठेवलं ना मला?"

आणि उत्तरासाठी ती थांबली. हात-पाय न हलवता, गप्प. मायने तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि फाटकाकडे चालू लागली.