मेंढी तीनदा ओरडली

“हे कुणी फोडलं?”

कौस्तुभने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. कौस्तुभ आमच्या पुण्यातल्या स्टुडिओचा प्रोड्यूसर. गेम वेळेत आणि गुपचूप तयार होतोय ना, हे बघणारा माणूस. मी तिथली साउंड डिझायनर. गेममध्ये दार करकरलं, चिखलात पाय पडला, की ते माझं काम.

स्क्रीनवर चाहत्यांच्या फोरमवरची एक पोस्ट होती. टाकणारीचं नाव ‘येमाईची लेक’. तिने लिहिलं होतं, “आमचे आबा म्हणतात, ही मेंढी पिल्लाला शोधतेय. तीनदा ओरडली, उत्तर आलं नाही. म्हणजे या गेममध्ये कुठली तरी आई हरवलेलं लेकरू शोधणार. आणि शेवटी मडकं दिसतं, म्हणजे लेकरू जिवंत नसणार.”

आमच्या गेमची गोष्ट हीच होती, आणि ती स्टुडिओत फक्त सात जणांना माहीत होती. त्यातली मी एक.

आता गेमची रीतसर घोषणा झाली आहे, म्हणून हे लिहिता येतंय. हा रोल-प्लेइंग गेम. खेळणारा एका माणसाच्या भूमिकेत शिरतो आणि त्याचं आयुष्य जगतो, तसा प्रकार. आमची नायिका तीन हजार वर्षांपूर्वी नदीकाठी राहणारी एक आई. पण तेव्हा आम्ही ना नाव सांगितलं होतं ना तारीख. फक्त चाळीस सेकंदांचा टीझर सोडला होता. सगळा काळोख, वाहतं पाणी, मेंढीची ओरड आणि शेवटी मातीचं एक मडकं. बस.

चाहत्यांनी त्या चाळीस सेकंदांचा कीस पाडला. कुणी आवाज उलटा वाजवून त्यात मंत्र ऐकले. कुणी म्हणालं ते मडकं नाही, अंतराळयान आहे. मेंढी तीनदा ओरडते म्हणजे गेम तीन भागांत येणार, असं एकाने नकाशा काढून पटवलं होतं. आम्ही जेवायच्या सुट्टीत हे वाचून हसायचो. ही पोस्ट वाचून मात्र कुणी हसलं नाही.

“येमाई म्हणजे कवठे येमाई,” कौस्तुभ म्हणाला. “तुझ्या गावाकडची ना ही?”

“मी राहू गावची. दौंड तालुका. कवठे येमाई शिरूरमध्ये. मधे भीमा नदी आहे.”

“तेच ते.”

पुण्यात वाढलेल्या माणसाला वाघोलीच्या पुढे सगळं तेच ते असतं. एरवी मी भांडले असते. पण नोकरी लागताना गुप्ततेच्या करारावर सही केली होती, आणि गोष्ट फोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, असा नियम होता. बारा वर्षं कानात हेडफोन घालून कमावलेलं नाव एका मेंढीपायी जाणार, असं दिसायला लागलं.

“मेंढी तू तीनदा का टाकलीस? हिंट द्यायची होती?”

खरं उत्तर लाजिरवाणं होतं. टीझर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दोन वर्षांपूर्वी इनामगावला घोड नदीच्या काठी मी एका संध्याकाळचे आवाज रेकॉर्ड केले होते. त्यातली एक ओरड मला भेसूर वाटली. ती कापली आणि तीन वेळा चिकटवली. याला आम्ही लूप म्हणतो. सोप्या मराठीत, कामचुकारपणा.

“मला ती फक्त मेंढी वाटली,” मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता. मग मीच हट्ट धरला, की चल, त्या आबांनाच विचारू. स्टुडिओच्या खात्यावरून ‘येमाईची लेक’ला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, “या की चहाला. फक्त रविवारी या, बाकी दिवस मला ड्युटी असते.”

रविवारी आम्ही कवठे येमाईला तिच्या घरी पोचलो. तिचं नाव रेश्मा. रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी गेम खेळते. तिचे वडील भिवाआबा. पासष्टीच्या पुढचे, पागोटं, हातात काठी. जन्म मेंढरांमागे गेला, आता दोन एकर कांदा आणि हौसेखातर ठेवलेल्या चार मेंढ्या. चहा झाल्याशिवाय त्यांनी आम्हाला कामाचं बोलूच दिलं नाही.

“आबा, त्या मेंढीचं तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कुणी कशाला सांगाया पायजे? ही पोरगी मोबाइलवर लावून बसली व्हती. मी म्हनलं, आगं, ही मेंढी पिल्लू हुडकतीय.”

“पण कसं कळलं?” कौस्तुभ म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. “सायेब, मेंढरं चरायला जात्यात तवा बारकी पिल्लं वाड्यावरच जाळीत कोंडलेली ऱ्हात्यात. सांजच्याला मेंढरं आली का पिल्लं सोडायची. दोनशे मेंढ्या आन् तेवढीच पिल्लं, सगळी एकदम वरडत्यात. कान किटत्यात. पर जरा वेळ थांबायचं. ज्येची त्येला आई घावती, आन् एकेक गप हुती. मागं जी वरडत ऱ्हायली, तिचं पिल्लू न्हाई. मंग काठी घ्यायची आन् हुडकाया निघायचं. चाळीस वर्सं म्या दुसरं काय केलं?”

“आणि मडकं?”

“इनामगावला खोदाई चालली तवा मी बारका व्हतो. तिथंच मेंढरं चारायचो. मडक्यात पुरलेली लेकरं निघाली व्हती, जुन्या काळची. आमच्याकडं समद्यांना ठावं हाय.”

मग ते माझ्याकडे वळले. “पर पोरी, तू लबाडी केलीस. वरड एकच हाय, तीनदा लावलीय. खरी मेंढी तिसऱ्यांदा चिरकती. आन् म्होरलं तोडलंस का?”

“पुढचं काय, आबा?”

“पिल्लाचं. मेंढी वरडून कान देती. तू कान द्यायच्या आधीच तोडलंस.”

कौस्तुभ माझ्याकडे बघायला लागला. मूळ रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. चौदा मिनिटांचं. ते माझ्याशिवाय कुणीच ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कापायच्या जागेपुढे ऐकलं नव्हतं. मी हेडफोन पुढे केले. आबांनी पागोटं न काढता, जरा वर सारून ते दोन्ही कानांना लावले, डोळे मिटले. पाणी. मेंढी. पाणी.

“हे बघ. दिलं त्येनं उत्तर.”

मग आम्ही आळीपाळीने हेडफोन लावले. मला काहीच ऐकू आलं नाही. कौस्तुभलाही नाही.

“पान्याच्या पल्याड हाय. उजव्या अंगाला. बारकं हाय, आठ-धा दिसाचं.”

मी ती जागा पकडली. पाण्याचा खळखळाट फिल्टर लावून खाली आणला, म्हणजे चाळणीने गाळला म्हणा, आणि उरलेलं वाढवलं. दोन सेकंद नुसती खरखर. मग अगदी बारीक, उजव्या कानात, एक कोकराचं बें.

माझ्याकडे लाखाचा माइक, महागडे हेडफोन आणि या कामाची पदवी होती. आणि हा माणूस वाहत्या नदीपलीकडचं पिल्लू फिल्टर न लावता ऐकत होता, वर त्याचं वयही सांगत होता. मी तिथल्या तिथे वाकून त्यांच्या पाया पडले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

कौस्तुभने ते दोन सेकंद चार वेळा ऐकले. मग हेडफोन खाली ठेवून म्हणाला, “सॉरी.” ते कुणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही, पण मी माझ्या नावावर जमा करून घेतलं.

आबा गाडीपर्यंत सोडायला आले. रेश्माने पिशवीभर कांदे डिकीत टाकले. नको म्हणायची सोय नव्हती.

“सायेब,” आबा म्हणाले, “खेळ तुमचा हाय, कसाबी करा. पर त्या आईला कान द्यायला टाइम ठिवा. लई घाई करू नका.”

शिक्रापूरला कौस्तुभने फोन काढला आणि लेखकांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. विषय लिहिला, ‘शेवट’.

त्या मीटिंगमध्ये काय ठरलं, मडक्यात काय निघतं, हे मी सांगणार नाही. करारावरची सही अजून लागू आहे. फोरमवर अंतराळयानवाले अजूनही ठाम आहेत. गेमच्या श्रेयनामावलीत आवाजाच्या खात्यात पहिलं नाव भिवाआबांचं आहे, माझं दुसरं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कामाची सवय मात्र बदलली. आता कुठलाही आवाज कापण्याआधी मी त्याच्या पुढचं एक मिनिट ऐकते, काही ऐकू येत नसलं तरी. ऑफिसमध्ये याला वेळ वाया घालवणं म्हणतात.