अव्वाशी कुणी भांडेना

आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला दारात उभा असतानाच ती दुधात बोट बुडवून बघायची. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर जास्त घातली, तर जुडी उलटीपालटी करून आत काय सडलंय ते शोधायची. हा गुण तिच्याकडून माझ्यात पुरेपूर उतरलाय. त्यामुळे ती शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात संशय घेणाऱ्या आम्ही दोघी होतो.

डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या. अव्वाला यातलं काही कळू द्यायचं नाही असं भावानं ठरवलं. वहिनीनं मान डोलावली आणि मला फोनवर शपथ घातली गेली. मी कुर्डुवाडीत राहते. जमेल तेव्हा सकाळच्या गाडीनं सोलापूरला यायचं, दिवसभर तिच्याजवळ बसायचं, संध्याकाळी परत जायचं, असं माझं चाललं होतं.

अव्वाला पहिला संशय आला तो भेटायला येणाऱ्यांचा. पेठेत कुणी आजारी पडलं की बघायला जाणारी पहिली बाई तीच असायची. मोसंबी न्यायची, उशाशी बसायची आणि "आज तोंडावर तेज आलंय की," म्हणायची. बाहेर आली की मला हळूच सांगायची, "काय खरं न्हाय." आता समोरच्या घरातली काकू मोसंबी घेऊन आली, उशाशी बसली आणि अव्वाच्या तोंडावरच्या तेजाबद्दल बोलली. ती गेल्यावर अव्वा म्हणाली, "माझंच बोलणं मला ऐकवून गेली बघ."

मला संशय होता तो वहिनीचा. अव्वाचं आणि तिचं लग्नापासून शेंगाच्या चटणीवरून वाजायचं. अव्वाला ती उखळात कुटलेली लागायची, वहिनी मिक्सरला लावायची. आणि आता बघावं तर वहिनीच्या तोंडात साखर. अव्वा म्हणाली पूर्व, तर पूर्व. एवढी गोड कशाला वागतेय, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. ती स्वयंपाकघरात गेली की मी अव्वाची चादर बदललीय का, पाठीला जखमा झाल्यात का ते तपासायची. सगळं जिथल्या तिथं असायचं. त्याचाही मला रागच यायचा.

अव्वानं मग परीक्षा घ्यायला सुरुवात केली. भावाला म्हणाली, "हॉलला पोपटी रंग दे." पांढऱ्यातली कुठली छटा घ्यायची यावरून ज्यानं रंगाऱ्याला रडवलं होतं, तो माझा भाऊ म्हणाला, "देऊ की, अव्वा." तो ऑफिसला गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"ह्यो येडा झालाय, न्हायतर मी मरायला लागलीय. तू सांग. खरं सांग."

माझी जीभ रेटेना. पण शपथ होती. "औषध लागू पडतंय, अव्वा. जरा वेळ लागेल, एवढंच."

"हौदेनु?" ती म्हणाली. संशय आला की ती कन्नडात शिरायची; असं का, एवढाच त्याचा अर्थ. मग तिनं माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी वहिनी पेज घेऊन आली. अव्वानं एक घोट घेतला आणि वाटी ढकलली. पेज सतरंजीवर सांडली.

"ही काय पेज हाय? तुझ्या आईनं हेच शिकवलं व्हय तुला?"

आईचं नाव काढलेलं वहिनीनं कधीच खपवून घेतलं नव्हतं. पूर्वी असं झालं की कितीतरी दिवस भांडी आपटली जायची. आता ती खाली बसून फडक्यानं सतरंजी पुसायला लागली. "चुकलंच, अव्वा. दुसरी करून आणते."

अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला रडताना फारसं बघितलेलं नव्हतं. "भांड की गं माझ्यासंगट," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाशी कुणी भांडत न्हाय. मी अजून मेलेली न्हाय."

वहिनीनं फडकं टाकलं.

"मग माझ्या आईचं नाव काढायचं काम नाही, सांगून ठेवते! तुमच्यासाठी मी इथं मरमर मरायचं, ओठ शिवून हसत राहायचं, डॉक्टर म्हणतात आता दिवाळी दिसायची नाही, आणि तुम्ही..."

ती थांबली. मी उठून उभी राहिले, आणि मग उभं राहून काय करायचं ते मला कळेना.

अव्वानं वहिनीचं मनगट धरलं. "दुखंल का लई?"

"दुखेल," वहिनी रडत म्हणाली. "त्याचं औषध दिलंय. मी आहे."

"बरं. पेजंत मीठ न्हाय, पण. जा, आण."

वहिनी डोळे पुसत मीठ आणायला गेली. त्या दिवसापासून घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, आवाज पार रस्त्यापर्यंत जायचे, आणि अव्वा चार घास जास्त जेवायला लागली. कुठली साडी नेसवायची, अक्कलकोटच्या मावशीला कधी बोलवायचं, सगळं तिनं वहिनीला सांगितलं.

मी नंतरही येत राहिले, अगदी शेवटपर्यंत. अव्वा माझ्याशी नीट बोलायची, जेवलीस का विचारायची. पण बाहेर पाऊस पडतोय असं मी सांगितलं, तरी ती आधी वहिनीकडे बघायची. वहिनीनं मान हलवली की मगच तिला ते पटायचं.