काचेच्या दाराची झिजलेली चाकं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि हे सगळं होऊनही बसलेला नाही. आमच्या घरातून अंगारे-धुपारे आजोबांच्या पिढीतच गेले. मी घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. फिजिक्स. यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. तेव्हा ‘ताई, घराची शांत करून घ्या’ अशी कमेंट कृपया टाकू नका. ‘चाकं हलक्या मालाची असतील’ हीसुद्धा नको. ती मी तीन जणांकडून ऐकली आहे आणि तिसऱ्याशी माझं भांडण झालं आहे.

जागा म्हणजे दारव्हा रोडच्या आतल्या बाजूचा एक लेआउट, प्लॉट पाडून बसलेली वस्ती. तिथे मी आणि माझ्या मिस्टरांनी एका रिटायर गुरुजींचं घर घेतलं. त्यांनी बाथरूममध्ये शॉवरसाठी काचेचं सरकतं दार बसवलेलं होतं. आता आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे शॉवर कोण लावणार... काचेच्या आत बादली ठेवायची, मग्ग्यानं अंघोळ करायची आणि दार सरकवून बाहेर यायचं. दोन माणसं, रोज एकेक अंघोळ. हे लक्षात ठेवा.

घरात तिसरी माझी माय. मागच्या वर्षी ढाणकीहून, भावाकडून, माझ्याकडे राहायला आली. तिनं पहिल्याच दिवशी त्या दाराला नकार दिला. “काचेच्या आत बसून आंघोळ करू? मी काय हॉटेलातली जिलेबी आहो?” ती मागच्या अंगणातल्या मोरीतच अंघोळ करायची.

उन्हाळ्याच्या तोंडी दार खडखडायला लागलं. अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारे शकीलभाई आले, त्यांनी दार उतरवलं. वर दोन, खाली दोन अशी नायलॉनची चार चाकं होती, चारही झिजलेली. खालची रबरी पट्टी तडकलेली. जुनं दार, होणारच. नवी चाकं, नवी पट्टी लागली आणि दार एका बोटानं सरकू लागलं.

महिना झाला नाही तोच परत खडखड. चाकं एका अंगानं चपटी आणि खालच्या खाचेत नायलॉनचा काळा भुगा. दुसऱ्या कंपनीची चाकं टाकली, ती वीस दिवस टिकली. मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, “बाई, मी बारा वर्षं त्या दाराला पेचकस लावला नाही.” वर मलाच विचारलं, “तुम्हाला असं दार वापरायची सवय आहे न?” मी फोन ठेवला. ज्यांच्या घरी नळ नव्हता त्यांना दार सरकवता येत नसेल, असं लोक किती सहज धरून चालतात...

तिसऱ्यांदा शकीलभाईंनी चाक अंगठ्यावर फिरवून पाहिलं. “मॅडम, दिवसभर कोणी दार ओढून राह्यलं तरच असं होते. घरात बुढी आहे न? म्हाताऱ्या माणसाले अंदाज राहत नाई.”

माय स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. तिनं ऐकलं.

मला राग शकीलभाईंचा यायला हवा होता. तो आला नाही, मला शंका आली. आम्ही दोघं दहा ते साडेपाच बाहेर, घरात ती एकटी. संध्याकाळी मिस्टर हळूच म्हणाले, “जाऊ दे न. वापरत असन दुपारी, सांगाले लाजत असन.” ते समजूतदारपणे म्हणाले, म्हणूनच ते डोक्यात बसलं.

मी मायला विचारलं.

“मी त्या काचेले हात नाई लावला.”

“मग चाक काय आपोआप झिजते का, माय? घर्षणाशिवाय झीज होत नाही. हे सायन्स आहे.”

ती म्हणाली, “लोकाईच्या वावरात कापूस येचून शिकवलं तुले. एक बोंड पदरात नाई लपवलं. आन आता लेकीच्या घरी चोरून आंघोळ करीन?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उमरखेडच्या एसटीनं ती भावाकडे परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेले. खिडकीतून तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही.

आता मी जे केलं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मला माय खोटी ठरायला हवी होती, नाहीतर मी काय ठरत होते? तिसऱ्यांदा चाकं आणली. लॅबमधलं व्हर्नियर कॅलिपर घरी आणून बसवायच्या आधी चारही मोजली. प्रत्येकाचा व्यास पंचवीस मिलिमीटर. दार बसवलं, खालची खाच ब्रशनं स्वच्छ केली. मग काच आणि चौकट यांच्या सांध्यावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही केली. दार केसभर सरकलं तरी कागद फाटला असता. बाहेरून बाथरूमला कडी लावली आणि परीक्षेच्या पेपरच्या गठ्ठ्यांना लावतो तसं लाखेचं सील केलं. दोघंही मागच्या मोरीत अंघोळ करू लागलो.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मिस्टर आणि शकीलभाईंच्या समोर सील फोडलं. लाख शाबूत होती. आत फरशी कोरडी, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. काचेवरचा कागद जसाच्या तसा, माझी सही सरळ.

खालच्या खाचेत काळा भुगा होता.

शकीलभाईंनी दार उतरवलं. मी चाकं मोजली, परत मोजली, मिस्टरांकडून मोजून घेतली. बावीस पूर्णांक सहा. चारही.

शकीलभाईंनी पेचकस पिशवीत टाकला. “मॅडम, मी बुढी म्हनलो होतो, ते वापस घेतो. आन पुढच्या टाइमाले दुसऱ्या कोनाले बोलवा.”

एक चाक गोळ्यांच्या डबीत घालून मी त्याच दिवशी ढाणकीला गेले. माय अंगणात हळद निवडत बसली होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली, सगळं सांगितलं.

“तू खरी होती, माय.”

तिनं चाक हातातही घेतलं नाही. “मी सांगतलं तवा नाई पटलं. या चाकानं सांगतलं तं पटलं?”

“मी चुकली.”

“बी.एस्सी. करून चुकली?”

मी तिच्याजवळ बसून हळद निवडायला लागले. मग ती म्हणाली, “येईन मी. पन आता त्याच काचेत आंघोळ करीन. रोज. सगळ्याईच्या समोरून जाऊन.”

दुसऱ्या मिस्त्रीनं चौथ्यांदा चाकं बसवली. तेव्हापासून माय रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून बैठकीतून, पाहुणे असले तर पाहुण्यांसमोरून, त्या बाथरूममध्ये जाते. दार मुद्दाम दोनदा उघडते, दोनदा लावते, आवाज घरभर जाईल असं. आता ते दार आम्ही तिघं वापरतो, म्हणजे वापर वाढला. पाच महिने झाले. चाकं पंचवीसची पंचवीस आहेत.

मिस्टर एकदा म्हणाले, “म्हणजे मायचंच काहीतरी...” मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पेपर उघडला. तुमच्यापैकी कोणाला तेच लिहायचं असेल तर लिहू नका. माझ्या मायवर एकदा आळ आला आहे, तो मीच घेतला होता, आणि तेवढा पुरे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. हात न लावता चाक झिजतं आणि हात लावला की थांबतं, असा नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही, आणि याचा मला अजून संताप येतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दार उतरवून मोजते. व्हर्नियरचा खटका ऐकला की माय आतून ओरडते, “मोजलं का व? किती चोरलं मी?”

“काहीच नाही, माय,” मी म्हणते. दर वेळी, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं.