गोलीच्या मागची जागा

"समोरनं काय, सगळेच बघत्यात. गोलीच्या मागं ये लेका."

असं म्हणून काका टोपी उलटी फिरवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मैदानाच्या कडेकडेने चालत थेट गोलपोस्टच्या मागे जाऊन थांबायचे. गोली म्हणजे गोलकीपर. जो संघ हरणार असं दिसत असेल, त्याचा गोली काकांचा. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की गोलीबरोबर काकाही पलीकडच्या टोकाला. साठीला आलेला, पोट सुटलेला माणूस त्या पोराच्या मागोमाग अख्खं मैदान चालत ओलांडतोय, हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो.

तुम्ही परदेशात राहिला असाल तर असे काका तुम्हीही पाहिले असतील. मंडळाच्या गणपतीत मागे उभे असतात, फोटोत सापडत नाहीत. आमचे काका कोल्हापूरचे. इथे आखातात, मेसईदच्या एका कारखान्यात पाइपलाइनची तपासणी करायचे आणि अल सद्दमध्ये आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. काकू गावी. कोल्हापुरात फुटबॉल किती चढतो हे तुम्हाला माहीत असेल. पेठापेठांत अबोला धरतात त्यापायी. काकांनी ते वेड बॅगेत घालून इथे आणलं होतं.

मी नाशिकचा. कॉलेजची सगळी वर्षं संघटनेत गेली. पत्रकं लिहिली, वाटली, पोलिसांनी ओढून काढली की पुन्हा चिकटवली. मग घरचे म्हणाले आता पुरे, आणि मी दोन वर्षांच्या करारावर इथे आयटीत आलो. साफ सांगतो, पहिले सहा महिने मी रोज संतापलेला असायचो. आमच्या ऑफिसखाली दुपारच्या उन्हात माणसं केबल टाकत असायची आणि वर आम्ही एसी जास्त झाला म्हणून स्वेटर घालून बसायचो. हे मी आमच्या राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये फोनवर मित्राला तावातावाने सांगत होतो. शेजारी उभ्या माणसाने मजला येईपर्यंत ऐकून घेतलं.

"मराठी काय?"

"हो."

"शुक्रवारी मोकळा असतोस?"

"का?"

"राग घेऊनच ये की. गाडीत जागा हाय."

मी गेलो ते सामना बघायला नव्हे, लिहायला. कामगारांच्या वस्तीत आत शिरायला मिळतंय, डोळ्यांनी बघू आणि सणसणीत काहीतरी लिहू, असा हिशोब होता. काकांच्या गाडीत मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि कापून मीठ लावलेली संत्री. त्या खोक्यांच्या मध्ये माझा राग आणि मी.

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही मैदानं पालथी घातली. मैदान म्हणजे काय, तर गॅरेजांच्या रांगेमागचा रिकामा तुकडा, नाहीतर वक्रा गावाकडचा खडीचा माळ. गोलपोस्ट परांचीच्या पाइपांचे. जाळी म्हणजे बांधकामावरचं हिरवं कापड. कोपऱ्यांवर झेंड्यांऐवजी वाळूने भरलेले रंगाचे डबे. संघ कंपन्यांचे, गावांचे, कधी नुसते एका खोलीचे. नेपाळी, मल्याळी, बंगाली, घानाचे, केनियाचे. उन्हाळ्यात सामने पहाटे, सूर्य तापायच्या आत. रात्रपाळी करून आलेली पोरं तशीच बूट बदलून उतरायची.

विश्वचषकासाठी बांधलेली मोठाली स्टेडियमं इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. मी विचारलं, "काका, तिथे कधी जाऊया?"

"एकदा गेलतो. गार हवा, मऊ खुर्ची. पर गोलीच्या मागं उभं राहू देत नाहीत."

माझ्या ऑफिसातले लोक द पर्ल या श्रीमंत वस्तीत हिरव्या कार्पेटवर पाच-पाच जण खेळायचे. मी हट्टाने काकांना तिकडे नेलं. दहा मिनिटांत ते अस्वस्थ झाले.

"काय झालं?"

"दर पाच मिनिटाला गोली बदलत्यात रे हे. मी कुणाच्या मागं उभं राहू?"

गोलीशी काका बोलायचे काय, तर फारसं काहीच नाही. 'डावीकडे सरक' वगैरे सूचना कधी केल्या नाहीत. एकच वाक्य, सामना सुरू होताना आणि गोल खाल्ल्यावर: "मी हाय मागं." समोरचा घानाचा असो की केरळचा, वाक्य कोल्हापुरीतच. मी म्हटलं, "त्याला कळतं तरी का?" काका म्हणाले, "तू संत्री वाट."

मेसईदच्या कामगारवस्तीतल्या मैदानावर बिष्णू होता. नेपाळचा, कारखान्यांमध्ये परांच्या बांधायच्या कामावर, अंगाने सडसडीत. त्याच्या संघाचा बचाव इतका वाईट होता, की त्याला दर शुक्रवारी मरणाचं काम. साहजिकच काकांचा तो लाडका. त्या दोघांची एक रीत ठरून गेली होती. सामन्याआधी बिष्णू उडी मारून आडव्या पाइपला हात लावायचा, मग मागे न बघता उजवा हातमोजा वर करायचा. काका म्हणायचे, "मी हाय मागं." मोजा खाली यायचा. मग रेफ्री शिट्टी मारायचा. रेफ्रीसुद्धा त्या मोज्याची वाट बघायला शिकला होता.

आणि अशा एका शुक्रवारी आम्ही पोचलो तर मैदानाभोवती कुंपण. खांब रोवलेले, तारेची जाळी ताणलेली, फाटकाला कुलूप. आत पांढऱ्या रंगाने बस लावायचे पट्टे मारलेले. एक गोलपोस्ट उखडून भिंतीला टेकवलेला. खेळाडू बाहेर फुटपाथवर बसले होते, पायांत बूट घालून.

बिष्णू मला एवढंच म्हणाला, "भाई, छह दिन इसी के लिए काटता हूँ." त्याच्या खोलीत आठ माणसं राहायची. पाय पसरायला आठवड्यातून मिळायचा तो हा तुकडा, आणि तो गेला होता.

वस्तीचा व्यवस्थापक, ज्याला इथे सगळे कॅम्प बॉस म्हणतात, तो हैदराबादचा होता. काकांना ओळखायचा. हात हलवत म्हणाला, "मैं क्या करूँ साब, ऊपर से बोले बसां यहीच खड़े करो. खलास."

मी परतीच्या वाटेवर गाडीतच लिहायला घेतलं. मथळा, तीन मागण्या, शेवटी "आम्ही तुमच्या पाठीशी ठाम उभे आहोत." फुटपाथवर बसलेल्या खेळाडूंचा फोटो जोडला आणि काकांना वाचून दाखवलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. फोटो मोठा करून बघितला.

"चांगलं लिवलंयस. खरं हाय सगळं."

"मग टाकतो."

"ह्यात बिष्णू दिसतोय."

"दिसायलाच हवा! चेहऱ्याशिवाय कोण वाचतं?"

"तुझा करार तुटला तर तू नाशकाला जाशील, आई जेवाय घालील. त्याचा तुटला तर?" फोन परत देत म्हणाले, "टाक. पर त्याला इचारून टाक."

मी फोन लावला. बिष्णू म्हणाला, "भाई, मत डालो." तिथे विषय संपला. माझा राग संपला नाही. मी काकांना म्हटलं, मग काय, हात जोडायचे का त्या कॅम्प बॉसला?

"हात कशाला जोडायचे? पाहुणा करायचा."

"कोणाला?"

"त्यालाच. आमच्याकडं ज्याच्याशी वाकडं, त्यालाच उद्घाटनाला बोलवत्यात. फेटा बांधून घेतला, की त्याला सामना सोडून जाता येत नाही."

मला हे भयंकर वाटलं. आम्ही कॉलेजात असल्या माणसाला काळे झेंडे दाखवले असते. पण पुढच्या आठवड्यात काकांनी कारखान्यातल्या ओळखीने शेजारच्या वसाहतीचं मैदान एका दुपारसाठी मिळवलं, आणि कॅम्प बॉसला प्रमुख पाहुणा म्हणून रीतसर आमंत्रण दिलं. स्वतः दारात जाऊन. तो आला तो सूटबूट घालून, अत्तर लावून. फेटा नव्हता, म्हणून काकांनी काकूंनी दिलेली शाल त्याच्या खांद्यावर घातली. पाहुण्यांनी चेंडूला पहिली लाथ मारायची. मारली. चेंडू जागेवरच राहिला आणि उजव्या पायातला काळा चकाकता बूट उडून थेट मधल्या रेषेपलीकडे गेला.

मग बिष्णू गोल सोडून धावत गेला, बूट दोन्ही हातांनी छातीशी धरला, जसा अवघड चेंडू पकडतात तसा. सगळं मैदान हसलं. कॅम्प बॉस सगळ्यात जास्त हसला.

काकांनी त्याला खुर्चीवर बसूच दिलं नाही. "समोर से क्या साब, सब देखते हैं. पीछे चलो." आणि नेलं बिष्णूच्या मागे. मी बाजूला उभा राहून रागानेच बघत होतो. बिष्णूच्या संघाने दोन गोल खाल्ले. दुसऱ्या गोलला बिष्णू खडीवर लांब पडला, कोपर सोलवटलं. तो उठला, मोज्याने रक्त पुसलं आणि पुन्हा जागेवर उभा राहिला. हे सगळं कॅम्प बॉसपासून तीन हातांवर. ज्याला तो एरवी खोलीच्या नंबराने ओळखायचा, तो माणूस इतक्या जवळून त्याने प्रथमच पाहिला असावा. शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. बिष्णूने ती अडवली आणि शाल हवेत फिरवत जो ओरडला तो कॅम्प बॉस होता. "अरे वा रे मेरे शेर! क्या पकड़ा रे!" संघ तरीही हरला. त्याचं कॅम्प बॉसला भानच नव्हतं.

कुंपण निघालं नाही. बसही आल्या. पण काही शुक्रवारांनंतर असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर फाटक उघडायला लागलं. ड्रायव्हर बस काढून बाहेर रस्त्याकडेला लावायचे आणि सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत मैदान मोकळं. "ऊपर" काय बोलला, कोणाला बोलला, ते कॅम्प बॉसने सांगितलं नाही. जमिनीवर तेलाचे डाग होते. गोलपोस्ट पुन्हा रोवले गेले.

मी काकांना म्हटलं, "ही मेहेरबानी झाली. हक्क नाही. उद्या दुसरा कॅम्प बॉस आला, की संपलं."

"बरोबर हाय तुझं," काका म्हणाले. मला वाद घालायचा होता, आणि हा माणूस बरोबर आहे म्हणून मोकळा झाला. "ते तू सोडू नगंस. लिवत ऱ्हा. पर हा शुक्रवार तर खेळू दे त्यांना."

मी आजही म्हणतो की ती मेहेरबानी होती. आणि त्या मेहेरबानीत कितीतरी शुक्रवार खेळले गेले, हेही लिहिलं पाहिजे. मला आभार मानायची सवय नाही. पत्रकात मागण्या असतात, आभाराला रकाना नसतो. म्हणून हे वेगळं लिहितोय.

काका निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले. विमानतळावर मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "यल्ला, चल आता. पार्किंगचं मीटर पळतंय." उलटी टोपी घालूनच आत गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एकटा मेसईदला गेलो. संत्री कापली होती, मीठ विसरलो होतो. बस बाहेर निघाल्या. कॅम्प बॉस हल्ली खेळायचे बूट घालून येतो, तो पलीकडच्या गोलीच्या मागे जाऊन उभाही राहिला होता. मी सवयीने बाजूच्या रेषेवर थांबलो, जिथून सगळं नीट दिसतं.

बिष्णूने उडी मारून पाइपला हात लावला. मग मागे न बघता उजवा मोजा वर केला.

मागे कोणी नव्हतं. काका गेले हे त्याला माहीत होतं. त्यांना निरोपाची मिठी त्यानेच सगळ्यात शेवटी मारली होती. तरी हात वरच. रेफ्री शिट्टी तोंडात धरून थांबला. दोन्ही संघ थांबले.

मी पळालो. कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्याला ठेचकाळलो, जाळीच्या मागे पोचलो तेव्हा धाप लागली होती. मी नाशिकचा, पण ते शब्द दुसऱ्या कुठल्या बोलीत सांगून चाललं नसतं.

"मी हाय मागं."

मोजा खाली आला. शिट्टी वाजली.